आधी धन्याची तालीम

धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब या गावांच्या नव्या वसाहतींतून सायंकाळी फेरफटका मारणाऱ्यास चार-दोन घरांआड एखादा लॅब्रेडोर, जर्मन शेफर्ड किंवा पोमेरेनियन फाटकाआडून भुंकताना आढळतो, आणि त्या घरच्या मंडळींपाशी कुत्र्याचा विषय काढला की एक लांबलचक फिर्यादच कानी पडते: तो पाहुण्यांच्या अंगावर झेपावतो, साखळीला हिसके देऊन धन्यालाच फरफटत नेतो, रात्रभर विनाकारण भुंकतो, मुलांच्या हातातले खाणे ओढून घेतो आणि हाक मारली तर ऐकून न ऐकल्यासारखे करतो. या फिर्यादीत आरोपी नेहमी कुत्राच असतो. पूर्ण विचारान्ती माझे मत असे झाले आहे की यांतील बहुसंख्य प्रकरणांत कुत्रा निर्दोष असून, शिकण्याची गरज धन्याला आणि त्याच्या सबंध कुटुंबाला आहे.

हे ज्ञान आपल्या मुलखाला परके नाही. बालाघाटच्या रांगांत आणि भूम-परंड्याकडच्या माळरानांवर मेंढरे राखणाऱ्या धनगराचे कुत्रे ज्याने लक्षपूर्वक पाहिले असेल, त्याला मी काय म्हणतो ते सहज उमजेल. ते पिलू डोळे उघडल्यापासून मेंढरांच्या वासात वाढते. भाकरी देणारा हात तोच, ‘यू यू’ म्हणून बोलावणारा आवाज तोच, ‘हाड’ म्हणून अडविणाराही तोच. आणि धनी चालू लागला की चालायचे, तो थांबला की थांबायचे, हा शिरस्ता एक दिवसही मोडत नाही. धनगर क्वचितच ओरडतो. ज्या माळावर लांडग्याचा वावर आजही आहे, तेथे रात्री कुत्र्याने माणसावर आणि माणसाने कुत्र्यावर निःशंक विसंबावे लागते, आणि असा विश्वास दरडावून निर्माण होत नाही. रात्रपाळीची वीज आली म्हणून अंधारात दारे धरायला निघालेल्या शेतकऱ्याच्या पुढे-मागे न बांधलेले, न शिकविलेले वाटणारे जे कुत्रे चालत असते, त्याची तालीम रोजच्या सहवासातून झालेली असते. ती कोणी वेगळी काढून दाखविली नाही म्हणून आपल्या ध्यानात येत नाही, इतकेच.

हाच धागा गावातून शहरात येताना तुटला. सोलापूर-लातूरकडील कारवान जातीचे कुत्रे आता देशी वाणाचा अभिमान म्हणून बंद घरांतून पाळले जाऊ लागले आहेत. अभिमान उचित आहे. परंतु मोकळ्या रानात सशामागे धावण्यासाठी पिढ्यानुपिढ्या जोपासलेला, परक्याचा स्पर्श सहजासहजी न सोसणारा हा मानी प्राणी दोन हात साखळीवर दिवसभर बांधून ठेवायचा आणि मग तो चिडका निघाला म्हणून विकून टाकायचा, हा अन्याय आहे.

सुशिक्षित धन्याची अडचण निराळी असते. त्याने कोठेतरी ऐकलेले असते की कुत्रा हा लांडग्याचा वंशज, लांडग्यांच्या कळपात एक दांडगा नर बळाच्या जोरावर हुकमत गाजवितो, सबब धन्यानेही घरात त्या नराची जागा घेऊन कुत्र्याला दाबात ठेवले पाहिजे. या समजुतीचे मूळ रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत आहे. पण ते लांडगे बंदिवासात एकत्र कोंडलेले होते. डेव्हिड मेक या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाच्या १९७० मधील ग्रंथाने ही कल्पना सर्वदूर पोहोचविली, आणि त्याच मेक यांनी पुढे कॅनडाच्या उत्तर टोकावरील एल्समियर बेटावर मुक्त लांडग्यांच्या सान्निध्यात अनेक उन्हाळे घालविल्यानंतर १९९९ साली लिहिले की स्वाभाविक कळप म्हणजे मायबाप आणि त्यांची पिले यांचे कुटुंब होय. आपला जुना ग्रंथ छापणे थांबवावे, असा आग्रहही त्यांनी प्रकाशकाकडे धरला. अशी प्रांजलता विद्वानांतही विरळा. तेव्हा कुत्र्याचे नेतृत्व करायचे असेल, तर ते घरातील जाणत्या वडीलधाऱ्या माणसासारखे करावे: ज्याचे बोलणे थोडे, आज एक आणि उद्या दुसरे असे नसते, आणि ज्याच्या जवळ गेल्यास भीती न वाटता निश्चिंतता वाटते.

संवादाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा बेरजा-वजाबाक्यांची उत्तरे खुरांच्या टापांनी देत असे. ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ साली केलेल्या परीक्षणात निष्पन्न झाले की घोड्याला गणित येत नव्हते. योग्य संख्येची टाप पडताच प्रश्नकर्त्याच्या मस्तकाची जी नकळत किंचित हालचाल होई, ती तो अचूक टिपीत असे. जेथे घोडा इतके वाचतो, तेथे सहस्रावधी वर्षे माणसाच्या उंबऱ्याशी राहिलेला कुत्रा काय वाचत नसेल? आपण तोंडाने ‘जा’ म्हणतो आणि हाताने कुरवाळतो; तो हाताचे ऐकतो. आजोबा ‘बस’ म्हणतात, नातू ‘सिट’ म्हणतो, आई नुसतेच नाव घेऊन ओरडते, आणि वडील जेवताना ताटातला तुकडा टाकून पुढच्याच क्षणी तो ताटाशी आला म्हणून त्याला फटकारतात. अशा घरात कुत्रा हट्टी होत नाही, गोंधळतो. बक्षीस असो वा नकार, कृतीनंतर क्षणा-दोन क्षणांत मिळाला तरच तो त्या कृतीशी जोडला जातो. सुटून पळालेला कुत्रा दहा हाकांनंतर एकदाचा परत आला आणि आपण त्याला मारले, तर त्याला शिक्षा पळाल्याची झाली असे आपण समजतो. त्याच्या लेखी ती परत आल्याची झालेली असते.

गुरगुरण्याविषयी तर विशेष सावध राहावयास हवे. मूल गळ्यात पडू लागले की कुत्रा आधी मान वळवितो, ओठ चाटतो, अंग ताठ करतो, मग गुरगुरतो. हे सारे त्याचे ‘पुरे आता’ असे सांगणे असते. जो धनी गुरगुरण्यावर काठी उगारतो, तो त्या प्राण्याची इशारा देण्याची मुभा हिरावून घेतो, आणि मग एके दिवशी कसलीही सूचना न देता चावा घेतला जातो. आपल्या मुलांच्या सुरक्षिततेसाठी आईबापांनी एवढे वाचन शिकून घेण्यात हयगय करता कामा नये.

कुत्र्याबरोबर धन्यालाही शिकवावे, हे तत्त्व शासन आपल्या व्यवहारात पूर्वीपासून पाळीत आले आहे. पुण्यास शिवाजीनगर येथे राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचे श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. तेथे कुत्र्याबरोबर त्याचा हस्तक असलेला पोलीसही शिक्षण घेतो, आणि पुढे दोघांनी मिळून काम करावयाचे असते. १९९३ च्या मुंबईतील बॉम्बस्फोटांनंतर स्फोटकांचे साठे हुडकून असंख्य प्राण वाचविणारा झंजीर हा लॅब्रेडोर त्याच केंद्रात घडला. आमच्या वसाहतींतील लॅब्रेडोर त्याच जातीचा आहे. मग वर्दीतल्या माणसाला जे शिक्षण अनिवार्य मानले जाते, ते गृहस्थाला अनावश्यक कसे?

कायदाही गप्प नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमात, नेहमी साखळीने बांधलेल्या वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे हिंडवून आणण्यात धन्याने हयगय करणे हा अपराध ठरविला आहे. ज्या जिल्ह्यात अणदूर-नळदुर्गाचा खंडोबा नांदतो, ज्याच्या पायाशी कुत्रे असते आणि ज्याचे वाघे त्याचे कुत्रे म्हणवून घेण्यात धन्यता मानतात, तेथे या कलमाची आठवण करून द्यावी लागणे मला खेदाचे वाटते.

जिल्हा परिषदेचे पशुवैद्यकीय दवाखाने गाई-म्हशी आणि उस्मानाबादी शेळ्या यांच्या सेवेत गुंतलेले असतात, आणि ते रास्तच आहे. तथापि कुत्र्याला रेबीजची लस टोचून घेण्यासाठी धनी तेथे येतोच. त्या वेळी त्याला तासभर बसवून घेऊन हाक कशी मारावी, साखळी कशी धरावी, मुलांना काय शिकवावे हे सांगता येईल, आणि नगरपरिषदांनाही पाळीव कुत्र्यांची नोंद दफ्तरी करताना असे शिक्षण घेतल्याची अट घालता येईल. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन आहे. त्या दिवशी लसीकरणाच्या मांडवाशेजारी धन्यांचा वर्गही भरवावा, आणि जे कुटुंब पिलू आणण्याच्या बेतात असेल त्याने पिलू आणण्यापूर्वी लहानथोरांसह त्या वर्गाला जाऊन बसावे, अशी जिल्हा परिषदेला आणि वाचकांना माझी विनंती आहे.