‘आय ॲम लेजंड’ : शेवटच्या दहा मिनिटांत हरलेला सिनेमा

काही सिनेमे मुळातच वाईट असतात. त्यांचा राग येत नाही. तिकिटाचे पैसे गेले म्हणायचं आणि घरी यायचं. राग येतो तो दीड तास उत्तम चालून शेवटी सगळं मुसळ केरात घालणाऱ्या सिनेमाचा. 2007 साली आलेला ‘आय ॲम लेजंड’ माझ्या लेखी तसा सिनेमा आहे. गंमत म्हणजे पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला असं अजिबात वाटलं नव्हतं. डोळे पुसत थिएटरबाहेर पडलो होतो. आपण कुठे फसलो हे कळायला मध्ये काही वर्षं जावी लागली आणि एका चौकस भाच्याची मदत घ्यावी लागली. शेवट उघड केल्याशिवाय हा विषय मांडता येणार नाही, तेव्हा ज्यांनी सिनेमा पाहिलेला नाही त्यांनी आधी तो पाहावा.

गोष्ट थोडक्यात अशी. गोवराच्या विषाणूत बदल करून कॅन्सरवर औषध शोधलं जातं. सुरुवातीलाच टीव्हीवर डॉक्टरबाई शांतपणे सांगतात की 10,009 रुग्णांवर प्रयोग केला आणि सगळे कॅन्सरमुक्त झाले. पुढच्याच दृश्यात तीन वर्षं लोटलेली आहेत आणि न्यूयॉर्कच्या रस्त्यांत गवत वाढलंय. औषधाचाच विषाणू उलटला. सहाशे कोटींपैकी नव्वद टक्के माणसं मेली. उरलेल्यांतली बहुतेक उन्हाला घाबरणारी, रक्ताला वखवखलेली अशी काहीतरी झाली. लष्करातला विषाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट नेव्हिल, म्हणजे विल स्मिथ, आणि त्याची कुत्री सॅम एवढेच शहरात शिल्लक आहेत. तो दिवसा शिकार करतो, दुकानातल्या पुतळ्यांशी गप्पा मारतो, रोज दुपारी बंदरावर कुणीतरी येईल म्हणून वाट बघतो आणि रात्री खिडक्या बंद करून बाथटबमध्ये सॅमला कुशीत घेऊन पडून राहतो. एकटेपणा इतक्या कमी शब्दांत दाखवणारे सिनेमे फार नाहीत. दिग्दर्शक फ्रान्सिस लॉरेन्सला याचं श्रेय द्यायलाच हवं.

नेव्हिल घराच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत औषध शोधतोय. त्यासाठी त्याला त्या ‘बाधितां’पैकी कुणीतरी लागतं. तो फास लावून एका बाधित बाईला पकडतो. ती ओढली जाताच अंधारातून एक पुरुष पुढे येतो. ऊन त्याची कातडी जाळत असतं, तरी तो उन्हात डोकं काढून नेव्हिलकडे बघत ओरडतो आणि मग मागे सरतो. घरी आल्यावर नेव्हिल कॅमेऱ्यासमोर नोंद करतो. एका बाधित नराने स्वतःला उन्हात आणलं, त्याअर्थी त्यांचा मेंदू खालावत चाललाय किंवा उपासमारीने ते बेभान झालेत. माणसासारखं वागणं आता त्यांच्यात उरलेलं नाही.

थिएटरात ही नोंद मी ऐकली आणि मान डोलावली. शास्त्रज्ञ माणूस सांगतोय म्हणजे खरंच असणार.

काही वर्षांनी भाच्याने हा सिनेमा घरी लॅपटॉपवर लावला. तेव्हा तो दहावीत होता. ती नोंद आली आणि त्याने सिनेमा थांबवला. म्हणाला, “मामू, हा इतका हुशार आहे आणि याला एवढं कळत नाही? तो तिच्यासाठी आला होता ना!”

मी गप्प बसलो. कारण मलाही कळलं नव्हतं.

एकदा हे लक्षात आलं की सिनेमाभर तेच दिसायला लागतं. नेव्हिल ज्या पुतळ्याला रोज सलाम करतो तो पुतळा एके दिवशी भलत्याच रस्त्यावर उभा दिसतो. नेव्हिल भेदरून त्याच्याजवळ जातो आणि फासात अडकून उलटा लटकतो. फासही थेट त्याने लावला होता तसाच. म्हणजे हा माणूस कुठून जातो, कुणाशी बोलतो हे कुणीतरी पाहिलंय, समजून घेतलंय आणि त्याचीच युक्ती त्याच्यावर उलटवली आहे. त्या ‘नरा’च्या हाताखाली कुत्रे आहेत. ऊन सरकायची वाट बघण्याइतका धीर त्याच्यात आहे. दिग्दर्शक एकेक पुरावा आपल्यापुढे मांडत जातो. नेव्हिलला तो दिसत नाही, कारण त्याने आधीच निकाल देऊन टाकलाय. आणि आपण नेव्हिलच्याच डोळ्यांनी बघतोय.

एवढी तयारी करून सिनेमा शेवटाशी येतो. बाधितांची झुंड प्रयोगशाळेत घुसते. जाड काचेच्या एका बाजूला नेव्हिल, त्याने वाचवलेली ॲना, एक लहान मुलगा आणि बेशुद्ध असलेली ती बाई. पलीकडे तो पुरुष. तो काचेवर धडका देतो. काचेला तडे जातात आणि तड्यांतून फुलपाखराचा आकार उमटतो. नेव्हिलला मेलेल्या मुलीने हातांनी केलेलं फुलपाखरू आठवतं, ॲनाच्या मानेवरचं फुलपाखराचं गोंदण दिसतं आणि हा दैवी संकेत आहे असं तो मानतो. औषध ठरलेल्या रक्ताची कुपी ॲनाच्या हाती देऊन तो तिला आणि मुलाला लपवतो, हातबॉम्ब घेऊन झुंडीवर झेप घेतो. ॲना व्हरमाँटमधल्या सुरक्षित वस्तीत पोचते आणि त्याची कहाणी आख्यायिका झाली असं सांगते. मी डोळे पुसले ते इथे.

पण हा शेवट नंतर चित्रित केलेला होता. पहिला शेवट वेगळा होता आणि 2008 मध्ये डीव्हीडीवर तो बघायला मिळाला. भाच्याने त्याच रात्री तो शोधून लावला. त्यातही काच आहे, धडका आहेत, फुलपाखरू आहे. पण ते फुलपाखरू तो बाधित पुरुष स्वतःच्या हाताने काचेवर काढतो. नेव्हिल वळून बघतो. टेबलावर पडलेल्या त्या बाईच्या अंगावर फुलपाखराचं गोंदण असतं. तो शत्रू तिची ओळख सांगत होता : ही माझी आहे, मला ती परत हवी. नेव्हिल पिस्तूल खाली ठेवतो, दार उघडतो, तिला शुद्धीवर आणून त्याच्या हवाली करतो आणि माफी मागतो. मग त्याची नजर भिंतीवर जाते. तिथे त्याने प्रयोगात गमावलेल्यांचे फोटो रांगेने लावलेले असतात. इतके दिवस ते अपयशी प्रयोग होते. आता तेच फोटो माणसांचे झालेले असतात.

दोन्ही शेवटांत फुलपाखरू एकच, पण अर्थ पार बदलला. एका शेवटात ते नायकाला सांगतं, तू निवडलेला आहेस. दुसऱ्यात ते त्याला सांगतं, तू ज्याला जनावर समजलास तो माणूस आहे. मी संकेत मानणारा माणूस आहे, म्हणून मला हा बदल जास्तच टोचतो. जो संकेत आपल्याच मोठेपणाकडे बोट दाखवतो त्याच्याकडे जरा संशयाने बघायला हवं.

मग बदल का केला? मोठे स्टुडिओ सिनेमा प्रदर्शित करण्यापूर्वी निवडक प्रेक्षकांना दाखवून त्यांचं मत घेतात. या प्रेक्षकांनी पहिला शेवट नाकारला. दीड तास ज्याला नायक मानलं तोच दुसऱ्या कुणाच्या गोष्टीतला राक्षस निघतो, हे त्यांना रुचलं नाही. धंद्याच्या हिशेबाने स्टुडिओचं चुकलं असं म्हणता येणार नाही. सिनेमाने जगभरात 58 कोटी डॉलरहून अधिक कमावले. पण रिचर्ड मॅथसनच्या 1954 च्या ज्या कादंबरीवर तो बेतला आहे तिचा सगळा जीवच या कलाटणीत आहे. कादंबरीत शेवटी नेव्हिल नव्या समाजाच्या कैदेत असतो आणि त्याला उमगतं की या लोकांसाठी दिवसाढवळ्या येऊन ठार मारणारा भयकथेतला जीव आपणच आहोत. आख्यायिका ती ही. सिनेमाने नाव तेच ठेवलं आणि त्याचा अर्थ उलटा केला.

यावर कुणी म्हणेल की इतरांसाठी जीव देणं हाही थोर शेवटच आहे. मान्य. पण त्या बलिदानासाठी आधीचे सगळे पुरावे विसरावे लागतात. तो उन्हात का आला? पुतळा कुणी हलवला? उत्तर देण्याऐवजी सिनेमा प्रश्न विचारणाऱ्यालाच बॉम्बने उडवतो आणि आपण टाळ्या वाजवतो. पहिला शेवटही निर्दोष नाही. एवढे जीव घेतल्यावर एका माफीत सुटका होते, हे मला पटत नाही. पण तिथे निदान हिशेब मांडला तरी जातो.

2022 मध्ये या सिनेमाचा पुढचा भाग जाहीर झाला. पटकथाकार अकिवा गोल्ड्समन यांनी नंतर सांगितलं की गोष्ट त्या पहिल्या शेवटापासून पुढे जाईल. आपली चूक अशी कबूल करायला हॉलिवूडला दीड दशक लागलं. मी काही त्यांना हसणार नाही. नेव्हिलची ती नोंद ऐकून मान डोलावणाऱ्यांत मीही होतो, आणि मला थांबवायला दहावीतलं पोर लागलं. तो आता नोकरीला लागलाय. पुढचा भाग आला की त्याच्यासोबतच बघायचा, असं आमचं ठरलंय.