दप्तर आणि दार

1818 साली पेशवाई बुडाली आणि पेशव्यांचे दप्तर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनच्या ताब्यात गेले. इंग्रजांनी ते जाळले नाही, जपले. त्यात गावोगावच्या जमिनींच्या, वतनांच्या, इनामांच्या नोंदी होत्या आणि महसुलासाठी त्यांना त्या हव्या होत्या. 1852 नंतर इनाम कमिशनने याच दप्तराच्या रुमालांच्या, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांच्या, आधारे इनामांची छाननी केली, कित्येक इनामे खालसा झाली. कागद सरकारच्या हाती आणि त्याचा अर्थ लावणारेही सरकारच.

अभ्यासकांना मात्र, मोजके अपवाद सोडता, ते दार बंद होते. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे खासगी वाड्यांच्या माळ्यांवरून, वाण्याच्या पुडीला जाण्याआधी, एकेक पत्र गोळा करत महाराष्ट्रभर हिंडले. 1926 च्या अखेरीस ते वारले. इतिहासकार गो. स. सरदेसायांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातले निवडक कागद 45 खंडांत छापले गेले ते 1930 ते 1934 या काळात. कागद सुरक्षित होते, पण ज्या माणसाने त्यांचे सर्वांत चांगले चीज केले असते, त्याचे आयुष्य ते खंड निघण्याआधीच संपले.

आज दार बंद करायला कुलूप लागत नाही, संकेतस्थळाचे नूतनीकरण पुरते. एखाद्या खात्याचे नवे संकेतस्थळ येते, जुने पत्ते मोडतात आणि कालपर्यंत उघडणारे परिपत्रक आज सापडत नाही. ते कोणी नष्ट केलेले नसते, म्हणून कोणी जबाबदारही नसतो.

महाराष्ट्र शासनाने एक काम खरोखर चांगले केले आहे. शासन निर्णय संकेतस्थळावर चढवताना त्याला वर्ष, महिना, दिनांकाने सुरू होणारा संकेतांक दिला जातो आणि तो निर्णयातच छापला जातो. तालुक्याच्या गावातला माणूस तो आकडा टाकून मंत्रालयाचा आदेश वाचू शकतो. या सोयीचे मोल ज्याने कधीकाळी एका प्रतीसाठी खेटे घातले त्याला विचारावे.

पण शासन निर्णय एकटा नसतो. त्याच्या माथ्यावर ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ म्हणून आधीच्या निर्णयांचे क्रमांक आणि तारखा असतात. त्यातला एखादा पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा असतो आणि खरी अट त्यातच लिहिलेली असते. वेतनश्रेणीसाठी भांडणारा निवृत्त शिक्षक किंवा पुनर्वसनाच्या जमिनीसाठी फिरणारा धरणग्रस्त त्या साखळीतून मागे मागे जातो आणि एक कडी नसली की तिथेच अडतो. पलीकडच्या टेबलावरच्या अधिकाऱ्याकडे मात्र ती कडी नस्तीत असू शकते. हे अंतर 1852 चेच आहे.

दुसरी अडचण लिपीची. पेशवे दप्तर वाचायला मोडी जाणणारा लागतो. आपण मात्र वीस वर्षांतच नवी मोडी तयार करून ठेवली आहे. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेले जुने आदेश डोळ्यांना मराठी दिसतात, पण त्यात गावाचे नाव शोधले तर सापडत नाही, मजकूर उचलून दुसरीकडे डकवला तर भलतीच अक्षरे उमटतात. कागदाचे नुसते छायाचित्र काढून चढवले असेल, तर अंध वाचकाच्या संगणकाला ते वाचूनही दाखवता येत नाही.

माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात अर्ज करण्याचे कलम सहावे आहे. त्याआधी चौथे येते. अभिलेखांची सूची आणि निर्देशांक ठेवा, माहिती आपणहून प्रसिद्ध करा, असे ते सांगते. महाराष्ट्राने तर 2005 च्या केंद्रीय कायद्याआधीच स्वतःचा कायदा केला होता, आणि त्यासाठी इथली माणसे उपोषणाला बसली होती.

21 जून 2012 रोजी मंत्रालयाला आग लागली, माणसे दगावली, नस्त्या जळाल्या. त्यानंतर कागद संगणकावर नेण्याची निकड सगळ्यांना पटली. ती आगीची भीती होती. आता मागणी दाराची आहे. एकदा प्रसिद्ध झालेल्या दस्तऐवजाचा पत्ता बदलू नये, बदललाच तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर जाता यावे. रद्द झालेला आदेशही ‘रद्द’ असा शेरा मारून जागेवरच राहावा. ‘वाचा’खालचा प्रत्येक क्रमांक उघडता यावा. नव्या संकेतस्थळाच्या कंत्राटातच या अटी असाव्यात, आणि जुने संकेतस्थळ बंद करण्यापूर्वी त्यावरचा प्रत्येक दस्तऐवज नव्या जागी पोहोचला, अशी सही पुरालेखागाराच्या अधिकाऱ्याने द्यावी.