नाक्यावर टॉर्च, वाड्यावर काळोख

गेल्या पावसाळ्यात माझ्या मामेभावाचं खांद्याचं हाड मोडलं. तो बांद्याकडचा. मांद्रेच्या किनाऱ्यावर एका हॉटेलात किचनमध्ये काम करतो, रोज जाऊन येऊन. दुचाकीचा नंबर एमएच ०७. त्या रात्री साडेअकराच्या सुमारास घरी परतताना त्याला वाटेत एका नाक्यावर थांबवलं. टॉर्च तोंडावर. खंयचो तू? खंय वता? लायसन्स दाखव, आरसी दाखव, डिकी उघड. पंधरा मिनिटांनी सोडलं, कारण कागद सगळे बरोबर होते. तिथून किलोमीटरभर पुढे पाइप घालण्यासाठी रस्ता आडवा खणून ठेवला होता. समोर ना पत्रा, ना दगड, ना लाल दिवा. खांबावरचा दिवा तर कधीपासून बंद. तो गाडीसकट आत गेला.

त्याला उचलून इस्पितळात कोणी नेलं? जवळच्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या ओडिशाच्या दोन मुलांनी. त्यांचीही नावं आमच्याकडे कुणालातरी संशयित म्हणूनच ठाऊक असणार.

नाक्यावरच्या शिपायावर माझा राग नाही. त्याला सांगितलं तेवढं त्याने केलं, तेही पावसात उभं राहून. राग आहे तो आपण सगळ्यांनी मिळून 'सुरक्षा' या शब्दाचा जो अर्थ करून ठेवलाय त्यावर. पेडण्यात आणि डिचोलीत सुरक्षा म्हटलं की सीमा आठवते, सीमा म्हटली की नाका, आणि नाका म्हटला की बाहेरचा माणूस. एवढ्यावर विषय संपतो. ग्रामसभेत संपतो, निवडणुकीच्या सभेत संपतो, व्हॉट्सॲपवर तर सुरूच तिथून होतो. माझं म्हणणं सरळ आहे. आमच्या जिवाला असलेला मोठा धोका पत्रादेवी ओलांडून येत नाही. तो इथेच तयार होतो, बऱ्याचदा पंचायतीच्या सहीने किंवा सही करून गप्प बसण्याने.

मे २०२३ मध्ये कामगार दिनाच्या कार्यक्रमात मुख्यमंत्री म्हणाले की गोव्यातले जवळजवळ ९० टक्के गुन्हे परप्रांतीय मजूर करतात. बिहार, उत्तर प्रदेशची नावंही घेतली. मोठा गदारोळ झाला, बिहारमध्ये कोर्टात तक्रार गेली. पण आमच्याकडे? आमच्याकडे लोकांनी माना डोलावल्या. पॉलिटिकल सायन्सच्या पहिल्या वर्षालाच आम्हाला एक साधी गोष्ट शिकवतात : आकडा ऐकला की तो कशाचा, हे विचारायचं. अटक झालेल्यांचा की शिक्षा झालेल्यांचा? राज्यात परप्रांतीय मजूर नेमके किती, हे माहीत असल्याशिवाय ९० टक्के जास्त की कमी हे कळणार कसं? आणि ज्याला रोज थांबवलं जातं तोच पकडला जाणार, हे तर उघडच आहे.

त्याच्या पुढच्याच वर्षी, २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, सरकारी नोकरी देतो म्हणून लाखो रुपये उकळल्याची प्रकरणं एकामागून एक बाहेर आली. डिचोलीतही गुन्हे नोंद झाले. दागिने गहाण टाकून, जमीन विकून लोकांनी पैसे दिले होते. हे पैसे घ्यायला नाका चुकवून कोणी आलं नव्हतं. घेणारी माणसं ओळखीची होती, 'आपली' होती, म्हणूनच तर विश्वास ठेवला. पण त्यावर कुठल्या पंचायतीने ठराव घेतल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आता मरणाचा हिशोब. गोव्यात वर्षाला जेवढे खून होतात ते पन्नासच्या खाली असतात. रस्त्यावर माणसं मरतात ती अडीचशेच्या वर. बहुतेक वर्षी. म्हणजे महिन्याला वीसहून जास्त घरं. यातली बरीचशी दुचाकीवरची, आणि कमावती. पेडण्यातल्या माणसाला राष्ट्रीय महामार्ग ६६ बद्दल वेगळं सांगायला नको. मालपेला २०२४ च्या जुलैत नवी कोरी संरक्षक भिंत कोसळली तेव्हा सगळ्यांनी फोटो काढले. डिचोलीकरांना खनिजाचे ट्रक काय असतात हे माहीत आहे. २०१२ ला खाणी बंद पडल्या तेव्हा पोटाचे हाल झाले ते झालेच, पण लहान मुलं रस्त्याकडेने शाळेत चालत जाऊ लागली होती. आता ट्रक परत धावू लागलेत. त्यांच्या वेळा, वेग, रस्त्याची कड, शाळेपाशी माणूस उभा करणं, याला कोणी कायदा-सुव्यवस्था म्हणत नाही. का म्हणत नाही? कारण यात पकडायला चेहरा नाही.

शिरगावचं घ्या. ३ मे २०२५ ची पहाट. लईराईच्या जत्रेला गोव्यातून येतात, महाराष्ट्रातून येतात, कर्नाटकातून येतात; धोंड म्हणून व्रत करणाऱ्यांना सीमा वगैरे काही नसते. अरुंद वाट, उतार, दोन्ही बाजूंना दुकानं, आणि मागून रेटा. चेंगराचेंगरीत सहा भाविकांचा जीव गेला, सत्तरच्या वर जखमी झाले. माझ्या वर्गातली एक मुलगी त्या रात्री तिथे होती. ती सांगते, पडलेल्या माणसावरून पाय गेल्याचं कळलं, पण पाय थांबवता येईना. ती अजूनही गर्दीच्या बसमध्ये चढत नाही, दुसरीची वाट बघते.

सरकारने चौकशी समिती नेमली. वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या बदल्या झाल्या. समितीने दोष सगळ्यांनाच वाटून दिला : देवस्थान, पंचायत, पोलीस, प्रशासन. वाटून दिलेला दोष हा प्रसादासारखा असतो, प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभर. पण त्या चिमटीत पंचायत होती, हे विसरू नका. उताराच्या वाटेवर दुकानं किती आणि कुठे बसणार, बाहेर पडायचा दुसरा रस्ता मोकळा आहे की नाही, हे बघायला पोलीस महासंचालक लागत नाही. गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारलं असतं तर त्याने बोट दाखवून सांगितलं असतं की गर्दी इथे अडते. जत्रा काही अचानक येत नाही. तिथी ठरलेली, वाट ठरलेली, होमकुंड ठरलेलं.

आणि हडफडे. ते बार्देशात, आमच्या तालुक्यात नाही, पण उद्याचं पेडणे बघायचं असेल तर तिकडेच बघावं लागतं. ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री नाइटक्लबला आग लागली आणि २५ माणसं गेली. त्यातली २० तिथे काम करणारी. बांधकाम पाडण्याचा आदेश पंचायतीने काढला होता, त्याला वर अपिलात स्थगिती मिळाली, आणि क्लब चालू राहिला. एकाने परवाना दिला, दुसऱ्याने नोटीस दिली, तिसऱ्याने स्थगिती दिली. कागदावर सगळ्यांनी काहीतरी केलेलं आहे. आणि मेले कोण? तर उत्तराखंड, झारखंड, आसाम, नेपाळकडून पोटासाठी आलेली पोरं. भाडेकरू पडताळणी म्हणून ज्यांच्या खोल्यांची दारं आपण ठोठावतो, त्याच जातीची माणसं. मजुराचा फॉर्म भरून घ्यायची एवढी घाई असलेल्या राज्यात मजूर राबतो त्या जागेला बाहेर पडायचं दार आहे का, हे बघायची घाई कुणाला नव्हती.

मोरजी, मांद्रे, हरमलमध्ये आज काय चाललंय हे डोळ्यांना दिसतं. ५ जानेवारी २०२३ ला मोपाहून विमानं उडू लागली, तेव्हापासून तर विचारूच नका. यातल्या प्रत्येक जागेला घर क्रमांक, बांधकाम परवाना, व्यापार परवाना, ना हरकत दाखला लागतो. तो देणारी पंचायत. म्हणजे या तालुक्यातली सर्वांत मोठी सुरक्षा यंत्रणा पंचायतीचं परवान्यांचं रजिस्टर आहे. पण त्याकडे आपण कमाईचं साधन म्हणून बघतो. पंचही तसेच बघतात, आणि खरं सांगायचं तर मतदारही.

गेल्या वर्षी आमच्या ग्रामसभेत मी उठले. बसथांब्यापासून वाड्यापर्यंत काळोख आहे, क्लास करून येणाऱ्या मुलींनी जायचं कसं, एवढंच विचारलं. सरपंच चांगल्या शब्दांत म्हणाले, "बाय, दिवे वीज खात्याकडे, रस्ता बांधकाम खात्याकडे, पोलीस गृह खात्याकडे." मी विचारलं, मग पंचायतीकडे काय? लोक हसले. मला वाटलं, आता कोणीतरी माझ्या बाजूने बोलेल. मागून एक काका उठले आणि म्हणाले, आधी परप्रांतीयांची यादी करा. टाळ्या पडल्या. दिव्याचा विषय तिथेच विझला.

सरपंचांचं अर्धं बरोबर आहे. पोलीस हा राज्याचा विषय, हे घटनेच्या सातव्या अनुसूचीत लिहिलंय. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय दिले, पण ते प्रत्यक्षात सोपवायचं राज्य सरकारच्या मनावर. त्यात गोव्यात मधला स्तरच नाही. वीस लाखांहून जास्त लोकसंख्या नसेल तर तो नसला तरी चालतो, म्हणून इथे ग्रामपंचायत आणि मग एकदम जिल्हा पंचायत. पलीकडे सावंतवाडीत पंचायत समिती आहे. पेडणे तालुक्याचा म्हणून एकत्र बसून विचार करणारं निवडून आलेलं एकही सभागृह इकडे नाही. पण उरलेलं अर्धं? वीज खात्याला बंद खांबांची यादी पाठवायला कुठला अधिकार लागतो? खणलेल्या रस्त्यावर ठेकेदाराने बॅरिकेड लावल्याशिवाय काम करू देणार नाही, असं म्हणायला? गोवा पंचायत राज कायदा १९९४ चा. पंचायतीच्या कामावर लक्ष ठेवायला देखरेख समित्या नेमण्याची तरतूद त्यातच आहे. तुमच्या गावात तशी समिती आहे का? असली तर तिच्यात कोण आहे, तुम्हाला माहीत आहे का?

यावर काहीजण म्हणतील, म्हणजे पडताळणी नकोच? तसं मी म्हणत नाही. आमच्या शेजारी दोघं वयस्कर एकटीच राहतात, मुलगा परदेशात. दरोड्याची बातमी वाचली की ती रात्रभर दिवा चालू ठेवतात. माझी आई संध्याकाळी सातला मागचं दार लावते आणि दोनदा तपासते. ही भीती खोटी नाही आणि तिची चेष्टा करणाऱ्यांतली मी नाही. बाहेरून टोळ्या येतात, चोऱ्या करतात, निघूनही जातात. २०२४ मध्ये भाडेकरू पडताळणीसाठी वेगळा कायदा विधानसभेत मंजूर झाला. घरमालकावर जबाबदारी टाकली हे योग्यच केलं. प्रश्न क्रमाचा आहे. फॉर्म भरून पोलीस स्टेशनात गठ्ठा पडला म्हणजे त्या दोघांच्या घरासमोरचा दिवा लागत नाही. एक बीट पोलीस आठवड्यातून एकदा त्यांच्या ओसरीवर बसून चहा घेऊन गेला, तर त्यांना झोप लागेल. आणि भाड्याच्या खोल्या बांधून पैसे कमावणारे कोण आहेत, तेही मोठ्याने बोलूया की. यादी करा म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांत दोघांच्या खोल्या भाड्याने आहेत.

सीमेबद्दल बोलायचंच असेल तर पूर्ण बोलूया. सीमेवरचा सर्वांत जुना धंदा उलट्या दिशेने जातो. गोव्याची स्वस्त दारू महाराष्ट्रात, आणि ती पकडली जाते पलीकडे इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर. गाडी चालवायला, पुढे राहून रस्ता मोकळा आहे का सांगायला दोन्हीकडची पोरं लागतात. अकरावी-बारावीत गळालेली पोरं. एका फेरीत मिळतात ते पैसे हॉटेलात आठवडाभर भांडी घासून मिळत नाहीत. हा आमच्या घरातला गुन्हा आहे, आणि याला उपाय नाका नव्हे, तर तालुक्यातच मिळणारं काम आहे, तेही आमदाराच्या चिठ्ठीशिवाय.

साळ आणि दोडामार्ग, तोरसे आणि बांदा, किरणपाणी आणि आरोंदा. एकाच नदीचं पाणी, सोयरीक एकमेकांत, बाजार एकच. या गावांच्या सरपंचांनी वर्षातून दोनदा एकत्र बसायला काय हरकत आहे? सप्टेंबर २०२५ मध्ये ओंकार हत्ती दोडामार्गकडून मोपा-तोरशात उतरला, कुठलाही कागद न दाखवता. तेव्हा दोन्ही राज्यांच्या वनखात्यांना एकमेकांशी बोलावंच लागलं. हत्तीसाठी जमतं ते रात्रपाळी करून परतणाऱ्या माणसासाठी का जमत नाही? पुलाच्या अलीकडे दिवे आणि पलीकडे काळोख, किंवा उलट, ही आजची स्थिती. २०२० च्या टाळेबंदीत सीमा बंद झाली तेव्हा पलीकडचे कामगार अडकले आणि अलीकडची हॉटेलं, कारखानेही अडकले. त्यानंतर तरी शहाणपण यायला हवं होतं.

मामेभाऊ आता कामावर परत जातो. खांदा पावसात दुखतो म्हणतो. खड्डा बुजवला, पण डांबर न घालता मातीनेच, आणि खांबावरचा दिवा अजून बंद आहे. त्याच्यावर लिहिलेला नंबर मी उतरवून घेतलाय. २०२२ च्या ऑगस्टमध्ये निवडून आलेल्या पंचायतींची मुदत २०२७ मध्ये संपते, म्हणजे मतं मागायला येणारे फार लांब नाहीत. पण तोवर थांबायची गरज नाही. पुढच्या ग्रामसभेला मी बंद खांबांची यादी आणि एक प्रश्न घेऊन जाणार आहे : गेल्या वर्षभरात दिलेल्या व्यापार परवान्यांपैकी किती जागा पंचांनी प्रत्यक्ष जाऊन बघितल्या? तुमच्या गावची सभा कुठल्या रविवारी आहे ते पंचायतीच्या फळ्यावर लावलेलं असतं. येताना शेजाऱ्यालाही घेऊन या, एकट्या बाईने विचारलं की लोक हसतात.