अंगावर काढलेलं दुखणं

नामपूरच्या शिवारात कांदालागवड सुरू झाली की बायांना उसंत नसते. दिवसभर ओल्या वाफ्यात वाकून रोपं लावायची, सांजच्याला घरी येऊन चूल पाहायची. अशात ओटीपोटात दुखत असलं, अंगावरून वास येणारं पाणी जात असलं, तर सांगायचं कुणाला? ‘बाईच्या जातीला हे असायचंच,’ म्हणून दुखणं अंगावर काढलं जातं.

डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन खेड्यांत 650 स्त्रियांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष 1989 साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आले. 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्यातला निम्मा भार जंतुसंसर्गाचा. पूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र अवघ्या 8 टक्के! बँकेत असताना शेतकऱ्यांचे कर्जाचे अर्ज मी ढिगांनी वाचले. बैलाच्या औषधपाण्याचा खर्च त्यांत कधीमधी दिसे. बायकोचा दिसल्याचं आठवत नाही.

अंगावरून जाणारं प्रत्येक पांढरं पाणी म्हणजे रोग नव्हे, हे खरं. परंतु त्याला वास येऊ लागला, ओटीपोट दुखू लागलं, ताप आला, संबंधाच्या वेळी वेदना होऊ लागल्या, तर जंतू गर्भाशयमुखातून वर चढल्याची शंका घ्यावी. ते गर्भनलिकांपर्यंत पोचले की नलिका आतून चिकटतात. मग मूल राहत नाही, किंवा गर्भ नलिकेतच रुजून जिवावर बेततं. आणि वांझ म्हणून बोल कुणाला लागतो, ते सांगायला नकोच.

उपचार अवघड नाही. डॉक्टर दोन-तीन प्रतिजैविकं एकत्र देतात, गोळ्या साधारण 14 दिवस चालतात. दुखणं तिसऱ्या-चौथ्या दिवशीच कमी होतं आणि उरलेल्या गोळ्या फळीवर पडून राहतात. घोडं पेंड खातं ते इथे. जोरात ताप किंवा उलट्या असतील, दिवस गेले असतील, तर रुग्णालयात दाखलच व्हावं लागतं. गरोदरपणाची नुसती शंका असली तरी ती डॉक्टरांना आधी सांगावी, कारण औषधं बदलावी लागतात.

सर्वांत अवघड भाग नवऱ्याचा. हा संसर्ग पुष्कळदा संबंधातून येतो. पुरुषाला काहीच त्रास नसला तरी त्याच्या अंगात जंतू असू शकतात. एकट्या बायकोला औषध दिलं, तर महिन्याभरात तेच दुखणं परत. दोघांचा उपचार पुरा होईपर्यंत संबंध टाळावा लागतो, आणि हे घरात बोलण्याची जबाबदारी पुन्हा बाईवरच येते.

असं वर्षानुवर्षं साचलेलं दुखणं शेवटी कुठे जातं, ते बीड जिल्ह्यानं दाखवलं. 2019 मध्ये तिथल्या 82 हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांच्या सर्वेक्षणात 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढल्याचं आढळलं. मजुरी बुडते, खाडा पडला तर दंड होतो, कॅन्सरची भीती घातली जाते. आणि पंचविशी-तिशीतली बाई ऑपरेशनला तयार होते. यातल्या किती जणींना आधी गोळ्या पुऱ्या मिळाल्या होत्या, आणि किती जणींचे नवरे डॉक्टरांसमोर जाऊन बसले होते?