हजेरीपटाबाहेरचे हात

दिवाळीच्या आगेमागे भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादच्या शिवारात कापूस फुटतो. बाया कमरेला ओटी बांधून सरीत उतरतात. बोंडाची वाळलेली टोकं दिवसभर नखांच्या कडेला टोचत राहतात. संध्याकाळी बांधावर काटा टांगला जातो आणि किलोमागे मजुरी मिळते. मालकाच्या वहीत वजन चढतं. पुढे जिनिंग, गाठी, सूतगिरणी. कापसाचा भाव मोबाइलवर रोज दिसतो. वेचणाऱ्या बाईचा दर वीस वर्षांत कसा हलला, हे मात्र कुणाच्याच वहीत सापडत नाही.

या तालुक्याला दूरच्या बाजाराची ओळख फार जुनी आहे. भोकरदन म्हणजे सातवाहनकाळातलं भोगवर्धन. नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी १९७३ साली इथे उत्खनन केलं, तेव्हा मणी आणि शंखाच्या वस्तूंबरोबर हस्तिदंती मूर्तीचा तुकडाही निघाला. इ. स. ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत १९३८ साली सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी तो इतका जुळतो, की तीही इथेच घडली असावी असं काही अभ्यासक मानतात. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्या भोगवर्धनकरांची नावं दगडावर आजही वाचता येतात. हस्तिदंत कोरणाऱ्याचं नाव कुठेच नाही.

ते उत्खनन झालं तो काळ दुष्काळाचा होता. मराठवाडा खडी फोडत होता. पण त्याच दुष्काळी कामांवर शेतमजूर बायांची नावं हजेरीपटावर चढली. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि एकाच मापाच्या कामाला बाई-पुरुष एकच दर लागला. माझ्या मते महाराष्ट्राने शेतमजूर बाईला दिलेली ती सर्वांत मोठी ओळख होती. १ जानेवारी २०२३ पासून ही हजेरी मोबाइल अ‍ॅपवर, दिवसातून दोन फोटो काढून घेणं सक्तीचं झालं. फोटो चढायला रेंज लागते. ती नसेल तर राबलेला दिवस बुडण्याची भीती मजुराच्याच डोक्यावर.

शेतातलं तंत्रज्ञानही असंच दोन्ही अंगांनी आलं. जालन्याच्या महिकोने मोन्सॅन्टोसोबत आणलेल्या बीटी कापसाला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. जिथे उतारा वाढला तिथे वेचणीही वाढली, आणि वेचणी बायांचीच. मग तणनाशक आलं. पंप बहुधा पुरुषाच्या पाठीवर, आणि ज्या खुरपणीवर बायांचे पावसाळ्यातले आठवडे निघायचे ती आटली. शेतकऱ्याचा खर्च वाचला हे खरंच आहे. पण गेलेल्या त्या रोजांचा हिशेब कुणी ठेवला?

असा हिशेब ठेवायला एखाद्या माणसाची अख्खी कारकीर्द लागते. समाजशास्त्रज्ञ शरित भौमिक यांनी ती दिली. सुरुवात चहामळ्यांतल्या मजुरांपासून. पुढे मुंबई विद्यापीठात आणि टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकवताना ते फुटपाथवरच्या फेरीवाल्यांकडे वळले. लोक ज्यांना अडथळा म्हणत होते त्यांच्यात गिरण्या-कारखान्यांतून बाहेर फेकले गेलेले कामगार होते, हे त्यांनी विचारून, मोजून दाखवलं. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावातून माणसं कुठे गेली, याचं एक उत्तर फेरीवाल्यांच्या टोपल्यांमागे बसलेलं होतं. फेरीवाल्यांचं राष्ट्रीय धोरण २००४ साली आलं, कायदा २०१४ साली. त्यामागे फेरीवाला संघटनांच्या लढ्याबरोबर अशा अभ्यासाचं बळ होतं. भौमिक २०१६ साली गेले.

मराठवाड्याच्या शेतमजुराला असा अभ्यासक हवा आहे, आणि दोन दिवसांत प्रश्नावली भरून परतणारा नको. या तालुक्यातली मुलं छत्रपती संभाजीनगरला समाजशास्त्रात एम. ए. करायला जातात. त्यांतल्या एकीने तरी प्रबंधाचा विषय बाहेर शोधू नये. सुट्टीत घरी आल्यावर आईशेजारी बसावं आणि विचारावं: पहिल्यांदा वेचायला गेलीस तेव्हा किलोला काय मिळायचं? खुरपणी कोणत्या सालापासून कमी झाली? त्या साली घरातलं काय विकलं? उत्तरं तारखेनिशी लिहावीत, आणि पुढच्या वेचणीला पुन्हा विचारावं.