चुकून

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधल्या काळात डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे लिहिणं-वाचणं बंदच होतं. आज लिहिते आहे ते मात्र गेली पाच-सहा वर्षं लिहीन लिहीन म्हणत टाळलेलं आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

झालं असं की, गेल्या आठवड्यात मोरीशेजारचं कपाट आवरायला काढलं. मागच्या कोपऱ्यात पाण्याची एक लिटरची जुनी बाटली मिळाली. तळाशी चार बोटं पिवळसर पाणी. झाकण काढलं तर वास जवळजवळ उडून गेलेला, पण ओळखू आला. २०२० सालचं हायपोक्लोराइट! गल्लीत फवारणी करणाऱ्या पोराकडून यांनी मागून घेतलं होतं. बाटलीवर चिठ्ठी नाही, काही नाही. चौतीस वर्षं मी मुलांना सांगत आले, "वहीवर आधी नाव घाला." आणि माझ्याच घरात हे. पाच वर्षांत एखादं पाहुण्याचं पोर तहानलेलं त्या कपाटाशी गेलं असतं तर?

आठवतंय ना ते दिवस? २२ मार्चला जनता कर्फ्यू, थाळ्या वाजवल्या, आणि २५ मार्चपासून देश बंद. भाजी धुवायची, दुधाची पिशवी धुवायची, नोटा पुसायच्या. कशाने आणि किती, ते धड कुणी सांगत नव्हतं. मी मराठी शिकवणारी बाई, रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर सुटलेला. एप्रिलमध्ये एकदा संडासात टाकायचं ॲसिडचं क्लीनर ओतून ठेवलं होतं. ते धुवायच्या आधीच त्यावर हे हायपोक्लोराइट ओतलं. म्हटलं, दुप्पट स्वच्छ होईल! दार लावलेलं. दोन मिनिटांत छातीत असा काही खोकला दाटला की श्वास घेता येईना, डोळ्यांतून घळाघळा पाणी. यांनी हाताला धरून अंगणात ओढून आणलं. तासाभराने बरं वाटलं, पण घसा दोन दिवस धरलेला होता. नंतर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने फोनवर समजावलं. (तो आता कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो.) "बाई, ॲसिड आणि हायपोक्लोराइट एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया असलेलं काही मिसळलं तरी विषारी वायू होतो. एका वेळी एकच काय ते वापरा, आणि खिडकी उघडी ठेवा." डब्यावर हे छापलेलं होतं म्हणे. बारीक इंग्रजीत.

म्हणजे माझं खरोखरच चुकून झालं. आणि मी एकटी नव्हते. अमेरिकेत जानेवारी ते मार्च २०२० या तीन महिन्यांत विषबाधा केंद्रांना जंतुनाशकं आणि साफसफाईच्या द्रावणांबद्दल ४५,५५० फोन आले. आदल्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांपेक्षा सुमारे २० टक्के जास्त. त्यात एक बाई होती, तिने भाजी धुवायला सिंकमध्ये ब्लीच, व्हिनेगर आणि गरम पाणी एकत्र केलं आणि तिला दवाखान्यात न्यावं लागलं. वाचून मला अगदी मैत्रीण भेटल्यासारखं वाटलं! आपल्याकडे बरेलीत गावाकडे परतलेल्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर हेच पाणी फवारलं. माणसांवर असं फवारू नका हे आरोग्य मंत्रालयाला १८ एप्रिलला वेगळं सांगावं लागलं. आणि ३१ जानेवारी २०२१ ला यवतमाळ जिल्ह्यातल्या कापसी-कोपरी गावात बारा लहान मुलांना पोलिओच्या डोसाऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. देवाच्या दयेने मुलं वाचली.

इथपर्यंतचं सगळं "चुकून" आहे. पण त्याच यवतमाळ जिल्ह्यात, वणीला, एप्रिल २०२१ मध्ये दारूची दुकानं बंद असताना सॅनिटायझर पिऊन सात जण गेले. आदल्या वर्षी जुलैअखेर आंध्रात कुरिचेडूला तसंच झालं होतं. ते चुकून प्यायले का? त्यांना ते काय आहे ते ठाऊक होतं. तरी प्यायले. लोक म्हणाले, "दारुडेच ते!" विषय संपला. पण रोज पिणाऱ्याची दारू एका रात्रीत तुटली की हात थरथरतात, भास होतात, कधी झटके येतात. त्यावर औषध असतं, डॉक्टर असतात. आपल्या कायद्यात तर व्यसनाचा त्रास मानसिक आजारातच धरला आहे. दुकानं बंद करायचा हुकूम निघाला, तेव्हा या माणसांनी कुठे जायचं हे त्यांना कुणी सांगितलं? तेव्हापासून "चुकून" आणि "मुद्दाम" या दोन शब्दांच्या मध्ये पुष्कळ काही असतं, असं मला वाटायला लागलं. आणि त्या मधल्या जागेतलीच एक गोष्ट मला आज सांगायची आहे.

आमचं गाव शिरोळ तालुक्यात. कृष्णेवरचा अंकलीचा पूल ओलांडला की सांगली जिल्हा, आणि पुढे मिरज. मिरज म्हणजे आमच्या भागाचा दवाखाना! एरवी अर्ध्या तासाचा रस्ता. पण मार्च २०२० मध्ये इस्लामपूरला रुग्ण सापडले आणि पुलावर नाका बसला. जिल्ह्याबाहेर जायला कारण सांगायचं, कागद दाखवायचा. एसटी तर एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात २० ऑगस्टपर्यंत सुटलीच नाही.

आमच्या शेजारच्या घरात एक सून आहे. नाव सांगत नाही, तिने तेवढंच मागितलं आहे. तिला मिरजेच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, बाळंतपणानंतर पासून. गल्लीत कुणाला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. "थायरॉइडच्या गोळ्या" म्हणायचे. मे महिन्यात गोळ्या संपल्या. गावातल्या मेडिकलवाल्याकडे नव्हत्या. डॉक्टर फोनवर बोलायला तयार होते. फोनवरून औषध लिहून देण्याचे नियम सरकारने २५ मार्चलाच काढले होते, पण झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्या तेव्हा त्या यादीत बसत नव्हत्या. म्हणजे मिरजेला जायलाच हवं.

आता तुम्ही म्हणाल, औषधासाठी सोडत होते की नाक्यावरून! सोडत होते. तिचा नवरा पुलापर्यंत दोनदा जाऊन परत आला. माझाच विद्यार्थी तो. कागद खिशात होता, पण त्यावर वर ठळक अक्षरात "मानसोपचारतज्ज्ञ" छापलेलं, आणि नाक्यावर बसलेला होमगार्ड गावातलाच, ओळखीचा. याने कागद खिशातून काढलाच नाही. मला हे त्याने नंतर सांगितलं, मान खाली घालून. मी त्याला काय बोलणार? मधुमेहाचा कागद असता तर त्याने तो लांबूनच हलवून दाखवला असता.

जूनमधल्या एका दुपारी त्यांच्या घरातून आरडाओरडा ऐकू आला. घरातलंच साफसफाईचं काहीतरी तिच्या पोटात गेलं होतं. कुणी म्हणालं मिठाचं पाणी पाजा, उलटी होऊ दे. माझ्या त्या विद्यार्थ्याने, रसायनवाल्याने, एप्रिलमध्येच मला बजावलं होतं की असलं काही पोटात गेलं तर उलटी करवायची नाही, येताना पुन्हा घसा जाळतं. म्हणून मी आडवी पडले. तोंड धुतलं आणि गाडीत घातली. बाटलीही बरोबर दिली. माझ्या हातून त्या दिवशी झालेली एवढीच बरी गोष्ट.

दवाखान्यात पोलीस आले. विषाची केस म्हटलं की येतातच. सासू, आमच्या वहिनी, रडत म्हणाल्या, "पाण्याची बाटली समजून प्याली वो, चुकून." पोलिसाने माझ्याकडे बघितलं. "बाई, तुम्ही शेजारी ना?" आणि मी म्हणाले, "हो. चुकूनच झालं."

मंडळी, मला माहीत होतं. अगदी पुरतं नाही, पण आतून माहीत होतं. तिच्या जावेने गाडीत मला गोळ्या संपल्याचं सांगितलं होतं. तरी मी खोटं बोलले, आणि मला तेव्हा वाटलं की मी त्या घरावर उपकार करते आहे. तिच्यावर केस झाली तर? नणंदेचं लग्न ठरत होतं, ते मोडलं तर? पोरगी आधीच अर्धमेली, तिला कोर्टात ओढायचं का?

तिच्या पोटाचे आणि घशाचे उपचार चांगले झाले. डॉक्टरांनी जिवापाड मेहनत केली, ते दिवसच तसे होते. नऊ दिवसांनी घरी आली. कागदावर काय लिहिलं होतं? अपघाताने विषबाधा. पथ्य लिहिलं होतं, घशाची औषधं लिहिली होती. आणि मनाचं? काही नाही. का असेल? आम्ही सगळ्यांनी मिळून सांगितलं होतं ना, की मनाचं काही नाहीच म्हणून! ती ज्या गोळ्यांवाचून त्या दुपारपर्यंत पोचली, त्या गोळ्या तिला त्यानंतरही जवळजवळ दोन महिने मिळाल्या नाहीत. त्या दोन महिन्यांत तिचं पुन्हा काही बरंवाईट झालं असतं, तर त्यात माझ्या त्या दोन शब्दांचा वाटा असता.

कायदा मी नंतर वाचला. पेन्शनरांच्या मंडळात एक निवृत्त वकील आहेत, त्यांनी वाचायला दिला. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, २९ मे २०१८ पासून लागू. त्याच्या कलम ११५ मध्ये लिहिलं आहे की, जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, वेगळं सिद्ध झालं तरच गोष्ट निराळी, आणि त्याला शिक्षा करायची नाही. शिवाय अशा माणसाची काळजी, उपचार आणि पुनर्वसन हे सरकारचं कर्तव्य आहे. म्हणजे २०२० साली ज्या भीतीने आम्ही खोटं बोललो, ती दोन वर्षं आधीच जवळजवळ संपलेली होती! पुढे १ जुलै २०२४ ला नवी न्याय संहिता आली आणि ते जुनं कलम ३०९ पुस्तकातूनही गेलं. (सरकारी नोकरावर दबाव आणायला कुणी तसं केलं तर तेवढा गुन्हा अजून आहे.) पण हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. त्या पोलिसाला तरी माहीत होतं का, कोण जाणे.

माझं म्हणणं एवढंच आहे. "चुकून" हा शब्द आपण फार स्वस्त करून ठेवला आहे. खरोखर चुकून झालेल्यालाही त्याने न्याय मिळत नाही, कारण मग बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायचं कुणी मनावर घेत नाही. आणि ज्याचं चुकून झालेलं नसतं, त्याचा तर तो उपचारच काढून घेतो. घरच्यांना दोष द्यायला मी तयार नाही. लाज आणि भीती किती खरी असते ते मी पाहिलं आहे. पण दवाखान्यात विषबाधेचा माणूस आला, तर घरी सोडण्याआधी घरच्यांना बाहेर बसवून कुणीतरी त्याच्याशी पाच मिनिटं बोलावं. नर्स असो, डॉक्टर असो. याला काय खर्च आहे? आणि या गोळ्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मिळाव्यात. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, जिल्ह्यांसाठीचा १९९६ चा. तरी २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसलं की निरनिराळ्या मानसिक आजारांत शंभरातल्या ७० ते ९२ जणांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. महामारी आली नसती तरी पूल बंदच होता म्हणायचा!

एक चांगलं झालं. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस सुरू आहे. १४४१६ या नंबरावर कधीही फोन करा, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. आणि काही विषारी पोटात गेलं तर दिल्लीच्या एम्समधलं विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ वर चोवीस तास सल्ला देतं. पण त्यासाठी थांबू नका, आधी १०८ ला फोन करून गाडी बोलवा. हे तिन्ही नंबर मी फ्रीजवर चिकटवले आहेत.

शेजारची सून आता बरी आहे. महिन्याला मिरजेला जाते, आणि हल्ली "थायरॉइड" म्हणत नाही. हा लेख लिहिण्याआधी मी तिला विचारलं, लिहू का? आणि त्या दिवशी पोलिसासमोर मी काय बोलले तेही सांगितलं. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "लिहा बाई. मला तेव्हा कुणी एकटीला विचारलं असतं ना, तर मी सांगितलं असतं." रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं मला.

असो. ती जुनी बाटली मी भरपूर पाणी घालून ओतून टाकली. बाकीच्या सगळ्या वरच्या फळीवर ठेवल्या, आणि प्रत्येकीवर मराठीत मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावली. तुम्हीही आज उठून आपलं कपाट बघा. आणि तुमच्या घरात, शेजारात कधी असं "चुकून" झालं असेल, तर त्या माणसाला एकटं गाठून एकदा विचारून बघा. उशीर झाला असला तरी विचारा. मी विचारलं, पण फार वर्षं घालवून.