भुयारातल्या प्रेमकथांची कैफियत

गड आहे, गडाखाली भुयार आहे, भुयारात कुणीतरी कोंडलेलं आहे आणि त्या माणसाची ओळख पटल्याशिवाय कथेतल्या मुलीचं लग्न होऊ शकत नाही, एवढं पहिल्या काही पानांत कळलं की आपल्याकडचा जाणता वाचक पुस्तक मिटून ठेवतो. शाळकरी वयात ठीक होतं, आता काय त्यात, असं त्याचं म्हणणं. इतिहास वाचायचा तर साधनं वाचावीत, प्रेम वाचायचं तर आजच्या माणसांचं वाचावं आणि रहस्यच हवं असेल तर सरळ हेरकथा घ्यावी. तिन्ही एकत्र कालवणारी कादंबरी तिघांशीही बेइमानी करते. हा आक्षेप मी इतक्या वर्षांत इतक्यांच्या तोंडून ऐकला आहे की त्याला सविस्तर उत्तर देणं आता मला भाग वाटतं.

आक्षेप जुना आहे. मराठी कादंबरी जेमतेम रांगत होती तेव्हाच, १८७२ साली, काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल आणि नाटक यांवर निबंध लिहून अद्भुतरम्य कथांमधल्या असंभाव्यतेवर बोट ठेवलं होतं. पुढे भालचंद्र नेमाड्यांनी मराठी कादंबरीच्या प्रवृत्ती मांडताना ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ आणि ‘मोचनगड’ अशा तीन वाटा दाखवल्या: वास्तवाची, अद्भुताची आणि ऐतिहासिकाची. त्यांचा कल पहिल्या वाटेकडे होता हे उघड आहे. ही मांडणी अभ्यासाला सोयीची आहे, हे मी नाकारत नाही. पण त्या सोयीतून पुढे एक समजूत घट्ट झाली, की पहिल्या वाटेवर सत्य भेटतं आणि उरलेल्या दोन वाटांवर करमणूक. माझा विरोध या समजुतीला आहे.

हरिभाऊ आपट्यांचंच उदाहरण घ्या. विधवेच्या केशवपनाची जखम मराठी वाचकाच्या उरावर कायमची कोरणारी ‘पण लक्षात कोण घेतो!’ त्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिकातून लिहिली. त्याच साप्ताहिकात, काही वर्षांच्या आत, ‘उषःकाल’ ही ऐतिहासिक कादंबरी आली. एकाच हाताने, एकाच वाचकासाठी, एकाच कागदावर लिहिलं. हरिभाऊंना या दोन कामांत विरोध दिसला नाही, त्यांच्या वाचकांनाही दिसला नाही. तो आपल्याला का दिसावा?

आता सर्वांत मोठा आरोप: अशा कादंबऱ्या इतिहास बिघडवतात. ‘उषःकाल’मधला सुलतानगड नकाशावर शोधून सापडणार नाही. त्याचा किल्लेदार रंगराव अप्पा विजापूरच्या मिठाला जागणारा आहे, त्याचा मुलगा नानासाहेब नव्या वाऱ्याने भारलेला आहे, आणि मारुतीच्या देवळाखालच्या भुयाराशी या बापलेकांचं नशीब जोडलेलं आहे. हे सगळं कल्पित आहे आणि ते कल्पित असल्याचं कादंबरी लपवत नाही. शिवाजी महाराज कथेत आहेत. पण कथेचा भार इतिहासाने नोंद न ठेवलेल्या माणसांच्या खांद्यावर आहे. १८७१ सालच्या गुंजीकरांच्या ‘मोचनगड’चीही हीच रीत. ज्ञात घटना कडेला, अज्ञात माणसं मध्यभागी.

याच्या उलट रीत म्हणजे चरित्रात्मक ऐतिहासिक कादंबरी, जिला आपण मानाचं पान देतो. रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ साली आली आणि तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ती मला मनापासून प्रिय आहे. पण रमा आणि माधव यांच्यामधले जे संवाद आज घराघरांत पाठ आहेत ते देसाईंनी रचलेले आहेत, हे किती जणांना आठवतं? इतिहासातल्या खऱ्या माणसांच्या तोंडी कल्पित वाक्यं घातली की ती वाक्यं हळूहळू दाखला म्हणून वापरली जातात, भाषणांत येतात, मालिकांमध्ये येतात, शेवटी कुणाची तरी अस्मिता होतात आणि त्यांच्यावरून भांडणं लागतात. सुलतानगडावरून अजून कुणी मोर्चा काढलेला नाही. इतिहासाच्या शुद्धतेची खरी काळजी असेल, तर कल्पित नायक-नायिका घेऊन भुयारात शिरणाऱ्या कादंबरीकाराचे आभार मानले पाहिजेत. तो आपली सीमा जाणतो.

दुसरा आरोप रहस्याच्या कुळाविषयीचा आहे. म्हणे हे रहस्य आपलं नव्हेच, जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्सच्या लंडनमधून मराठीत उचलून आणलेलं आहे. रेनॉल्ड्स मराठीत खूप वाचला गेला, त्याची रूपांतरं झाली, हरिभाऊंनीही तो वाचला होता, हे खरंच आहे. पण खुद्द पेशवाईच्या कागदांत जे घडलेलं आहे ते पाहा.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवराव भाऊ पडले. त्यानंतर काही वर्षांनी एक माणूस पुढे आला आणि मीच भाऊ म्हणू लागला. त्याला पकडून रत्नागिरीत कैदेत ठेवलं. १७७६ साली तो कैदेतून सुटला आणि पाहता पाहता कोकणातले किल्ले त्याच्या हाती आले, फौज जमली, जबाबदार माणसं त्याच्या बाजूला गेली. कुणी खरोखर विश्वासाने, कुणी नाना फडणिसांवरच्या रागाने. अखेर तो आंग्र्यांच्या हाती सापडला, पुण्यात त्याची चौकशी झाली आणि त्याच वर्षी त्याला देहांत शासन झालं. हे झालं राज्याचं रहस्य: हा माणूस कोण? त्याची उकल दप्तरात आहे.

त्याच वेळी पुण्यात पार्वतीबाई होत्या, भाऊंच्या पत्नी. त्या स्वतः पानिपतावर गेलेल्या, तिथून जिवंत परतलेल्या. पती गेला हे त्यांनी अखेरपर्यंत मान्य केलं नाही, त्यांनी कुंकू पुसलं नाही, असं सांगितलं जातं. १७८३ पर्यंत त्या जगल्या. पानिपतानंतरची बावीस वर्षं. तोतयाची बातमी पहिल्यांदा त्यांच्या कानावर गेली असेल त्या रात्रीचा विचार करा. सगळं कारभारी मंडळ म्हणतं आहे की हा लबाड आहे. मन म्हणतं आहे, एकदा पाहू द्या. आणि तो लबाड आहे हे सिद्ध होणं म्हणजे आशेचा आणखी एक धागा तुटणं. नाना फडणिसांना ज्या निकालाने हायसं वाटलं असेल, त्याच निकालाने या बाईंच्या जिवाचं काय झालं असेल? दप्तर याबद्दल गप्प आहे. इतिहास, प्रेम आणि रहस्य यांची अशी गाठ रेनॉल्ड्सलाही सुचली नसती, आणि ती शनिवारवाड्याच्या सावलीत पडलेली होती. न. चिं. केळकरांनी ‘तोतयाचे बंड’ हे नाटक या प्रकरणावर लिहिलं ते उगाच नव्हे.

कुळच काढायचं तर आणखी मागे जाऊ. भासाच्या नावावर असलेलं ‘स्वप्नवासवदत्त’ विसाव्या शतकाच्या आरंभी केरळातल्या हस्तलिखितांतून टी. गणपतिशास्त्र्यांनी उजेडात आणलं. नाटक आहे, कादंबरी नव्हे. पण बांधणी नेमकी हीच आहे. वत्सदेशाच्या उदयनाचं राज्य आरुणीने घेतलं आहे. ते परत मिळवायला मगधाची मदत हवी, आणि त्यासाठी उदयनाने मगधराजाच्या बहिणीशी, पद्मावतीशी, लग्न करायला हवं. पण वासवदत्ता जिवंत असेतो तो दुसरीकडे पाहणार नाही. म्हणून प्रधान यौगंधरायण राणी आगीत जळाल्याची वार्ता उठवतो आणि तिला वेष पालटून, अवंतिका या नावाने, पद्मावतीच्याच जवळ ठेव म्हणून ठेवतो. पद्मावतीच्या लग्नाची माळ गुंफायचं काम येतं ते या अवंतिकेकडे. समोर वनस्पती ठेवलेल्या असतात. नवऱ्याचं आयुष्य राखणारी म्हणून जी ओळखली जाते ती ती माळेत भरपूर ओवते. सवतीला चिरडणारी म्हणून जी असते ती नको म्हणून बाजूला ठेवते, कारण राजाची पहिली राणी तर वारली आहे, मग तिचं काय काम? आपल्या मृत्यूची खोटी वार्ता आपल्याच तोंडाने खरी करत ती सवतीची माळ पुरी करते.

रहस्य आणि प्रेम एकमेकांच्या मुळावर येतात असं ज्यांना वाटतं त्यांनी हा प्रवेश पुन्हा वाचावा. त्यांचं म्हणणं असं असतं की वाचक उकलीच्या मागे धावतो, मग भावनेला थांबायला जागा कुठे उरते. आणि भिंग एकदा फुटलं की पुस्तक दुसऱ्यांदा कोण उघडणार? पण इथे प्रेक्षकाला पहिल्या अंकापासून सगळं माहीत आहे. कोडं एकच उरतं: हे ओझं ती बाई किती काळ, कशी वाहणार? प्रेमकथेतल्या रहस्याचं काम हे असतं. हेरकथेत गुपित शोधणारा महत्त्वाचा, इथे गुपित वाहणारा. म्हणून ती पुन्हा वाचता येते, आणि दुसऱ्या वाचनात जास्त लागते.

हरिभाऊंच्या ‘वज्राघात’मध्ये हेच मोठ्या पटावर दिसतं. विजयनगरचा नाश, १५६५. इतिहासकार सुलतानांची एकी, रामराजाचं उद्दाम राजकारण, रणांगणावरची फाटाफूट अशी कारणं देतात. हरिभाऊ ती नाकारत नाहीत. त्यांच्या शेजारी ते एक सोडून दिलेलं प्रेम ठेवतात. तरुण रामराजाने मेहेरजानवर प्रेम केलं, सत्तेचा मार्ग दिसताच तिला टाकलं. तिचा मुलगा रणमस्तखान मोठा होऊन विजापूरचा माणूस म्हणून बापाच्याच दरबारात येतो, आणि बापाला तो कोण हे ठाऊक नाही. वाचकाला हे नातं त्या दोघांच्या आधी कळतं. त्यामुळे दरबारातला साधा मुजराही धड वाचवत नाही. प्रत्येक शिष्टाचाराखाली एक न फेडलेलं देणं धुमसत असतं. साम्राज्य बुडण्याचं हे कारण कुठल्याही बखरीत मिळणार नाही. पण सत्ता माणसाला स्वतःच्या रक्ताची ओळख विसरायला लावते, हे विजयनगरबद्दल खोटं आहे असं कोण म्हणेल?

‘वज्राघात’चं नाव मी आणखी एका कारणासाठी घेतो. या प्रकारावरचा एक आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. मराठीतल्या अशा ढीगभर कादंबऱ्यांत नायिकेला पळवून नेण्यापलीकडे काम नसतं, पळवणारा ठरीव धर्माचा असतो आणि ऐन वेळी नायक कसा पोचला याला योगायोगाशिवाय उत्तर नसतं. हा दोष लहान नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या मनात त्याने विष कालवलं आहे, आणि तो पुसट करून सांगणं अप्रामाणिकपणा होईल. पण ‘वज्राघात’मधली मेहेरजान पाहा: तिचा राग न्याय्य आहे, तिची फसवणूक झालेली आहे, आणि ती करणारा हिंदू साम्राज्याचा सूत्रधार आहे. या साच्यात लिहूनही शंभर वर्षांपूर्वी हे करता येत होतं. मग दोष साच्याचा म्हणायचा की आळशी लेखकांचा?

आता राहिला तो हिणवण्याचा सूर: दुपारच्या वेळी बायकांनी वाचायची पुस्तकं. तो मला सर्वांत जास्त खुपतो. ज्या काळात मुलीचं लग्न कळत्या वयाआधीच उरकलं जाई, त्या काळात आवडनिवड हीच चोरून बाळगायची गोष्ट होती. निरोप दासीच्या पदराआडून जात, भेट देवळाच्या वाटेवर होई, नाव मनातच राही. त्या काळची प्रेमकथा खरी लिहायची तर ती रहस्यकथा होणारच. उघड्यावर, दिवाणखान्यात गप्पा मारणारी जोडपी दाखवली तर तो खोटा इतिहास होईल. बायकांनी ही पुस्तकं आपलीशी केली, कारण आपल्या आज्या-पणज्यांनी काय दडवून ठेवलं असेल हा प्रश्न विचारणारी दुसरी पुस्तकं त्यांच्या हाती नव्हती.

बाहेरही हेच घडलं. इंग्लंडमधल्या एलिनॉर हिबर्ट या एकाच लेखिकेने राजघराण्यांच्या इतिहासावर लिहिताना जीन प्लेडी हे नाव घेतलं आणि जुन्या वाड्यांतल्या प्रेम-रहस्याच्या कथांसाठी व्हिक्टोरिया होल्ट हे. ‘मिस्ट्रेस ऑफ मेलिन’ १९६० साली आली ती होल्टच्या नावाने. दोन कप्पे, दोन प्रतिष्ठा. मग १९९० साली ए. एस. बायट यांच्या ‘पझेशन’ला बुकर मिळालं. व्हिक्टोरियन काळातल्या दोन कवींचं दडलेलं प्रेम, त्याचा माग काढणारे आजचे दोन अभ्यासक, आणि त्यांचं आपसांतलं जुळणं. इतिहास, प्रेम, रहस्य, तिन्ही. बायट यांनी तर ‘रोमान्स’ हा शब्द मुखपृष्ठावरच ठेवला. तिथे मात्र कुणी कपाळाला आठी घातली नाही.

आपल्याकडे घराच्या तीन खोल्या झाल्या आणि मधली दारं बंद झाली. इतिहास चरित्रात्मक कादंबरीकडे गेला, प्रेम ना. सी. फडक्यांच्या वळणाकडे, रहस्य बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारकडे. नाथमाधवांची ‘वीरधवल’ एकेकाळी आबालवृद्ध वाचत. आज ग्रंथालयात ती मागितली तर बालविभागाकडे बोट दाखवलं जातं. या वाटणीत तिघांचंही नुकसान झालं, पण सर्वांत जास्त इतिहासाचं. त्याच्याकडे आता फक्त मोठी माणसं उरली, ज्यांच्याबद्दल काही नवं कल्पिणं दिवसेंदिवस धोक्याचं होत आहे.

पार्वतीबाईंच्या बाजूने लिहिलेली तोतयाची कादंबरी मला हवी आहे. लेखिका किंवा लेखक कुणीही असो, त्यांना १७७६ चा निकाल फिरवता येणार नाही आणि तो फिरवूही नये. पण निकाल लागेपर्यंत वाड्यातल्या दासीने कुठली बातमी आत आणली, कुठली बाहेर ठेवली, रत्नागिरीहून कोण काय सांगून गेलं आणि त्यातलं बाईंनी कशावर विश्वास ठेवला, हे सगळं रचायची पूर्ण मुभा त्यांना आहे. ती दासी कल्पित असावी, तिला स्वतःचं नाव असावं, जमलं तर तिचंही कुणी पानिपताहून परत न आलेलं असावं. असं पुस्तक निघालं तर प्रौढांच्या विभागात, दर्शनी कपाटात ते ठेवावं यासाठी मी ग्रंथपालाशी भांडायला तयार आहे.